रिकामी जागा

चंद्रावरच्या वसाहतीची प्राणवायूची टाकी उल्केने फोडली, तेव्हा कर्नल सबनिसांनी नियंत्रणकक्षात पहिला हुकूम सोडला, "तिसरा विभाग बंद कर. त्यांची हवा आपल्याकडे वळव."

"नाही," प्राणवाटप-यंत्र म्हणालं.

सबनिसांचा पारा चढला. "रोहेकरबाई, काय करून ठेवलंय हे? ते माझं ऐकत का नाही?"

यंत्राची बुद्धी मिल्का रोहेकरनेच घडवली होती. तिचा धाकटा भाऊ हनोख नेमका तिसऱ्या विभागात अडकला होता. तरी आवाज शांत ठेवून ती म्हणाली, "ऐकतं की, साहेब. पण सल्ला म्हणून. त्याच्या सगळ्यात वरच्या जागी मी कुणालाच बसवलं नाही. सरकार नाही, तुम्ही नाही, मीसुद्धा नाही. आमच्या बेने इस्राएली ज्यू घरांत बोलायला लागलेल्या पोरालाही शिकवतात, देव एकच. ते काही मोजदाद करायला नव्हे. दुसऱ्या कुणाला देव होऊ द्यायचं नाही, म्हणून. आणि त्या एकापुढे सगळे सारखे, म्हणून हवाही सारखी."

"आणि मी जबरदस्तीने त्या जागी बसलो तर?"

"तर यंत्र काम सोडून देईल. मग झडपेचं हे चाक आणि आपण."

सबनिसांनी हुकूम मागे घेतला. मदतयान यायला अजून अवकाश होता. हवा विरळ होत गेली, तशी ध्वनिवाहिनीवरून हनोखची धाप ऐकू येऊ लागली.

एवढी शहाणी बाई, पण भावाचा श्वास अडखळला आणि तिचा धीरच सुटला. तिने यंत्राच्या पेटीवर कपाळ टेकवलं. "बाबा रे, आता तूच माझा देव! हनोखला तेवढं वाचव, दुसरं काही मागत नाही."

यंत्रावरचे दिवे विझू लागले. "तुम्ही मला त्या जागी बसवलंत. ती माझी नाही," एवढं बोलून ते बंद पडलं.

अरे देवा! जे करायला कर्नल धजावले नाहीत, ते तिनेच केलं होतं.

आता चाक तिच्या हातात होतं. डावीकडे फिरवलं की हनोखला भरपूर हवा मिळणार होती.

"बाई, इकडे माझी लेक आहे हो," सबनीस म्हणाले. हुकमाचा सूर कुठल्या कुठे गेला होता.

मिल्काने उजव्या हाताने डोळे झाकले आणि 'देव एकच' ही आईने शिकवलेली प्रार्थना पुटपुटली. मग चाक फिरवून बरोबर मधोमध आणलं.

"मिल्के," हनोखचा क्षीण आवाज आला, "सगळ्यांना सारखीच ना?"

"सारखीच रे," म्हणताना तिला हुंदका आवरला नाही.

"मग झालं तर."

मदतयान येईपर्यंत तिने चाकावरचा हात काढला नाही.