निरोप्याची जर्सी

कूलाराच्या मैदानावर बाक असे नव्हतेच. शनिवारी गव्हाच्या शेतांमधून लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे, सीमेच्या कठड्याला नाक लावून उभ्या करायचे आणि थर्मासमधला चहा पीत, आतच बसून फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना बघायचे. गावाने गोल केला की सगळे मिळून हॉर्न वाजवायचे. ट्रेव्हेना कुटुंबाची जागा निलगिरीखाली ठरलेली. तिथे दुसऱ्या कुणी गाडी लावलेली मॉर्वेनाबाई खपवून घेत नसत.

त्यांचा थोरला मुलगा जॉरी खरं तर धाकट्या कॅलमपेक्षा सरस खेळायचा. पण ट्रॅक्टरखाली त्याचा गुडघा गेला आणि खेळणारा पोरगा संघाचा निरोप्या झाला. कोचने सीमेवरून कितीही घसा फोडला तरी एवढ्या मोठ्या मैदानात ऐकतो कोण? म्हणून निरोप्या आत पळत जातो, खेळाडूच्या कानात निरोप टाकतो आणि तसाच पळत परत येतो. जॉरी डावा पाय ओढत पळायचा, गवतावर त्याचा सर्र सर्र आवाज यायचा. अंगात आईने विणलेली पांढरी लोकरीची जर्सी, ती त्याला चांगलीच ढगळ. अंगाने भरशील म्हणून मोठी विणली, असं आई म्हणायची. तो काही भरला नाही. गाड्यांतून लोक विचारायचे, "काय रे लंगड्या कबुतरा, काय चिठ्ठी आणलीस?" त्यांच्याबरोबर तोही हसायचा.

कॅलम पहिल्यांदा गावाच्या संघात उतरला तेव्हा निरोप ऐकताना भावाच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून निघून गेला. जॉरीने त्याला तिथेच झापला. "माझं थोबाड घरी रोज बघतोस ना, धाकट्या? चेंडूवर डोळा ठेव. मला नुसता कान दे."

तेव्हापासून कॅलमने निरोप्याकडे कधी मान वळवली नाही.

पुढे मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबने त्याला उचललं. पहिल्या सामन्याच्या दिवशी जॉरी पहाटेच गाडी घेऊन निघाला. गावाबाहेरच्या हमरस्त्यावर दाट धुकं होतं, समोरून धान्याचा ट्रक आला. पोलीस दारात आले तेव्हा मॉर्वेनाबाईंनी आधी क्लबला फोन लावला आणि सांगितलं, सामना संपेपर्यंत कॅलमला कळू देऊ नका, त्याचा भाऊही हेच म्हणाला असता. फोन ठेवला आणि मग त्या रडायला बसल्या.

कॅलमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शेवटच्या डावात त्याच्या डाव्या खांद्यामागे गवत सरसरलं आणि कानात शब्द आले, "तुझा माणूस सोड. गोलच्या मागच्या खांबापाशी जा." तो गेला. चेंडू नेमका तिथेच आला आणि त्याने तो अगदी रेषेवर अडवला. क्लब एका गुणाने जिंकला. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांनी गळ्यात गळे घालून क्लबचं गाणं म्हटलं. ते संपल्यावर कोच हॅस्केल त्याला बाजूला घेऊन गेले.

अंत्यविधी उरकून तो परतल्यावर त्यांनी सामन्याची फिल्म लावली. आपल्या वाट्याचा प्रतिस्पर्धी मोकळा सोडून तू खांबापाशी का गेलास, असं हॅस्केलनी विचारलं. "तुम्हीच निरोप पाठवलात की," कॅलम म्हणाला. हॅस्केलनी क्लबच्या निरोप्याकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. पडद्यावर कॅलम एकटाच उभा होता, मान किंचित डावीकडे झुकवून, कुणाला तरी कान दिल्यासारखा. पोरावर आभाळ कोसळलंय, असं म्हणून हॅस्केलनी विषय तिथेच सोडला.

मग वर्षं गेली. निरोप दर सामन्यात एकदा तरी यायचा, कधी मागे हट, कधी पुढे घुस, आणि तो कधी चुकला नाही. ट्रेव्हेनाला खेळाचा वास आधी येतो, असं पेपरवाले लिहू लागले. नाव झालं, चषक झाले. प्रत्येक कौतुक त्याला खड्यासारखं टोचायचं, कारण ते दुसऱ्याच्या वाट्याचं होतं. त्याने मान मात्र वळवली नाही. वळून पाहिलं आणि कुणीच नसलं तर, ही एक भीती. कुणी असलंच तर, ही त्याहून मोठी.

नंतर नियम बदलला. निरोप्याने गोल झाल्यावरच मैदानात यायचं, खेळ चालू असताना पाऊल टाकलं तर दंड. सगळ्या क्लबांचे निरोपे शहाण्यासारखे सीमेवर बसू लागले. कॅलमच्या मागे गवत सरसरतच राहिलं, चेंडू हवेत असतानासुद्धा. पंच हातभर अंतरावर असायचा, पण त्याची शिटी वाजली नाही. एकदा शेजारी खेळणाऱ्याने विचारलं, "कुणाशी बोलतोस रे मघापासून?" कॅलम म्हणाला, स्वतःशीच. त्या माणसाने पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तो जरा लांब उभा राहू लागला.

डोक्याला मार तर बसतच होते. हळूहळू कॅलम चहा चुलीवर ठेवून विसरायला लागला, एकदा स्वतःच्याच फाटकापुढून गाडी सरळ पुढे नेली. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, अजून एक जोराचा फटका बसला तर आईलाही ओळखणार नाहीस. खेळ सोडायचं त्याला काही वाटत नव्हतं. इतरांना वाटतं तसं नाव, टाळ्या, काही नको होतं. पण मैदान सुटलं की जॉरी भेटणार कुठे? कूलाराच्या दफनभूमीत नुसता दगड होता.

त्याने आईला फोन करून डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. ती म्हणेल, पुरे झालं, घरी ये. त्यालाही तेच ऐकायचं होतं. मॉर्वेनाबाईंनी एवढंच विचारलं, "या शनिवारी खेळणार आहेस ना?"

त्याला ते फार लागलं.

त्या शनिवारी आभाळ भरून आलं होतं. तिसऱ्या डावात, ऐन रंगात, मागे सर्र झालं. पूर्वीपेक्षा सावकाश.

"बाहेर ये, धाकट्या."

"थोडा वेळ," कॅलम पुटपुटला. चेंडू त्याच्याच दिशेने उडाला होता, आणि खालून दोन धिप्पाड गडी त्याच्यावर धावून येत होते.

"बाहेर ये. मी दमलोय रे."

इतक्या वर्षांत त्या आवाजाने स्वतःबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

कॅलमने चेंडूवरचा डोळा काढला. मान वळवली.

जॉरी त्या पहाटे निघाला तेव्हा होता तेवढ्याच वयाचा होता. थोरला भाऊ आता धाकट्यापेक्षा लहान दिसत होता. केस कपाळाला चिकटलेले, ढगळ जर्सी घामाने चिंब, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तेव्हापासून तो एकदाही खाली बसला नसावा.

कॅलम एक पाऊल मागे सरला. चेंडू जमिनीवर आपटला, ते दोघे एकमेकांवर आदळले. लोकांनी हुर्यो उडवली. तो चालतच बाहेर आला आणि बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"तुला कुणी बोलावलं?" हॅस्केलनी विचारलं.

"भावाने."

हॅस्केल आता म्हातारे झाले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बदली खेळाडूला आत पाठवलं.

पुढच्या शनिवारी कॅलम कूलाराला निलगिरीखाली, आईशेजारी गाडीत बसला होता. वारा झोंबत होता. मॉर्वेनाबाईंनी मागच्या सीटवरून पांढरी जर्सी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. ती जॉरीबरोबरच पुरली असेल, असं तो धरून चालला होता.

"कपाटात असते," त्या मैदानाकडे बघत म्हणाल्या. "तुझा सामना झाला की दर रविवारी धुवायची मी. घामाने भिजलेली असायची. बाह्यांवर गवताचे डाग."

कॅलमने एका बाहीवरून बोट फिरवलं.

"तुला सांगितलं असतं तर तू लगेच खेळ सोडला असतास. नाहीतर कधीच सोडला नसतास. डॉक्टरांचं कळलं, तेव्हासुद्धा मला तुला घरी ये म्हणवेना. त्याचं तेवढंच उरलं होतं रे माझ्याकडे." त्यांनी डोळे पुसले. "गेल्या रविवारी धुऊन, वाळवून घडी घातली. एरवी शनिवारी सकाळीच ती धुक्याने दमट झालेली असायची, म्हणून आज निघताना उघडून पाहिली. कोरडी होती. आता नाही यायचा तो."

मैदानात गावाने गोल केला. सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजले. मॉर्वेनाबाईंनीही सवयीने हॉर्न दाबला आणि रडता रडता म्हणाल्या, "घाल ती. गारठला आहेस."

त्याने जर्सी डोक्यातून अंगात घातली. ती त्याला बरोबर बसली. बाह्या थेट मनगटापर्यंत आल्या.

गाडीच्या काचेवर थंडीने वाफ धरली होती. जर्सी मात्र आतून ऊबदार होती, कुणीतरी आत्ताच अंगातून काढून दिल्यासारखी.