दत्तोबांच्या चौकटीवरचं तेल

बाबा दुपारी बाराला मोटारसायकलवर नगरला निघणार आणि आईला घेऊन संध्याकाळी परतणार, असं ठरलं होतं. आई तिकडे दवाखान्यात नर्स होती. दोन महिन्यांनी तिला दोनच दिवसांची सुट्टी मिळाली होती.

सृष्टी वर्ध्याहून वाघोलीत आली ती ऐन मे महिन्यात. शाळा बंद, मैत्रीण एकही नाही, बाबा कारखान्यात. दिवसभर पायरीवर बसून ती समोरच्या दत्तोबांचं घर बघत राहायची. त्यांची नात तनुजा तिच्याच वयाची. पण आधी कोणी बोलायचं, या अवघड प्रश्नात दोघींनी महिना घालवला होता! सृष्टीला फार एकटं वाटायचं.

सकाळी बाबांनी इंजिनातलं काळं तेल काढलं. निम्मं फरशीवर सांडलं, उरलेलं मागच्या वेळच्या रिकाम्या डब्यात भरून पायरीवर नव्या तेलाच्या डब्याशेजारी ठेवलं. असं जळकं तेल दत्तोबा लाकडाला लावायला नेत, म्हणजे वाळवी लागत नाही. बाबांनी नवा फिल्टर बसवला आणि तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. दत्तोबा आले, पायरीवरच्या दोन सारख्या डब्यांतला एक उचलून गेले. बाबांनी फोन खांद्याशी धरून दुसरा डबा इंजिनात ओतला.

साडेअकराला सृष्टीने पाहिलं, दत्तोबा दाराच्या चौकटीला ब्रश मारत होते. मागच्या वेळी तेल लावलेली खिडकी डांबरासारखी काळी दिसत होती. चौकट मात्र मधासारखी चमकत होती. ती धावत त्यांच्या फाटकाशी गेली. तिथे तनुजा उभी होती.

"तुमच्या डब्यातलं तेल दाखवतेस?"

"एवढंच विचारायला महिना लागला?" तनुजा म्हणाली आणि डबा घेऊनच आली. तेल नवंकोरं होतं! दोघींनी मोटारसायकलची तेल मोजायची काडी काढली. तिचं जेमतेम टोक भिजलं होतं, तेही काळं.

बाबांनी आधी उडवून लावलं. आपण स्वतः तेल भरलंय, म्हणाले. तनुजाने कागदावर काडी टेकवली, शेजारी दत्तोबांचा ब्रश टेकवला. एक डाग काळा, एक सोनेरी. बाबांचा चेहरा उतरला. अर्ध्या वाटेत इंजिन जाम झालं असतं आणि आईची सुट्टी रस्त्यातच गेली असती.

"तरी म्हणलं, औंदा तेल लई पातळ हाय," दत्तोबा ओशाळून म्हणाले.

काळं तेल पुन्हा काढलं, दुकानातून नवं आणून भरलं. दत्तोबांनी दोघींचं तोंड भरून कौतुक केलं. बाबाही हसले. "मला दिसलं नाही, ते तुला कसं गं दिसलं?"

"मी रोज इथेच बसते ना, बाबा. बघायला दुसरं काय असतं?"

बाबांनी हेल्मेट काढलं आणि ते तिच्या शेजारी पायरीवर बसले. तिच्यासारखेच समोरच्या घराकडे बघत राहिले.

"उशीर होतोय, जा ना," शेवटी सृष्टीच म्हणाली. "आईला घेऊन या."