इंजिन थंड असताना

धुके इतके दाट होते की गल्लीतली दुकाने अगदी जवळ गेल्याशिवाय ओळख देत नव्हती. ती पाट्यांवरचे आकडे वाचत चालली होती आणि आकडे तिला दाद देत नव्हते. शेवटी समोर दिसेल त्या पहिल्या माणसाला विचारावे असे ठरवून ती पुढे झाली, आणि थबकली. तो माणूस एका भल्यामोठ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर रजई पांघरत होता. नुसती टाकत नव्हता. तापाने फणफणलेल्या मुलाला निजवावे तशा तिच्या कडा हलक्या हाताने खोचत होता.

"आजारी आहे का?" तिने विचारले.

"तपासायला येणार आहेत कुणीतरी," तो वळूनही न पाहता म्हणाला. "थंडीत कुडकुडत उभी राहिली, तर पहिल्याच भेटीत काय छाप पडणार? म्हणून मघाशी चांगला अर्धा तास चालू ठेवली. आता ऊब टिकावी म्हणून पांघरूण."

"येणारा माणूस कसा आहे?"

"कंपनीचा आहे. म्हणजे टक्कल, काखेत फाइल आणि तोंड वाकडं."

"टक्कल नाहीये," ती म्हणाली. "फाइलही नाही. तोंड मात्र आत्ताच वाकडं झालंय."

तेव्हा तो वळला. चष्म्याच्या काचांवर धुके साचले होते. त्याने तो काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे असे पाहिले, की जणू पहिल्यांदा पाहिले ते बरोबर दिसले होते का, याची त्याला खात्री करून घ्यायची होती.

ही गाडी जेव्हा नवी होती, तेव्हा ती रस्त्यातून निघाली की माणसे बोलणे थांबवून बघत. आता तिच्या चामड्याच्या आसनांना सुरकुत्या पडल्या होत्या आणि तिच्याबरोबर तिचे मालकही पिकले होते. ही गाडी बनवणाऱ्या कंपनीतच ती इंजिनांची निरीक्षक होती आणि या एका मॉडेलच्या तक्रारी ऐकत गेले कित्येक महिने दारोदार हिंडत होती. कुणाची गाडी पाणी पिऊन टाकी, पण थेंबही कुठे सांडत नसे. कुणाची सिग्नलला उभी राहिली की अंगात आल्यासारखी थरथरे. आणि सर्वांत जास्त तक्रार होती ती एका आवाजाची: पहाटे, इंजिन थंड असताना, पहिल्यांदा चालू करताच चार-पाच सेकंद खडखडणारा आणि मग जणू काही घडलेच नाही असा विरून जाणारा. इंजिनाच्या आतली साखळी सैल झाल्याची ती खूण. कंपनीने कबूल केले होते, की निरीक्षकाने हा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला, तर जुन्या गाडीचेही इंजिन फुकट दुरुस्त होईल. सवलतीचा हा शेवटचा आठवडा होता.

"मघाशी चालू केलीत, तेव्हा आवाज आला?" तिने विचारले.

"आला की. रोज येतो. मग लगेच गप्प होते बिचारी."

"तोच ऐकायला मी आले होते."

त्याने रजईकडे पाहिले. तिच्याकडे पाहिले. "म्हणजे..."

"म्हणजे डॉक्टर यायच्या आधीच तुम्ही रोग्याला बरं केलंत. आता रात्रभर थंड झाल्याशिवाय ती तोंड उघडायची नाही."

त्याचा चेहरा इतका पडला, की तिला हसू आवरणे कठीण झाले. रिकाम्या हाताने परतायचे नाही म्हणून तिने आपला नेहमीचा उपाय काढला. "तोंडाने काढून दाखवा आवाज."

"कशाने?"

"तोंडाने. सगळ्यांना लावते मी. एका निवृत्त न्यायाधीशांनी उभं राहून काढून दाखवला होता, शर्टाची वरची गुंडी लावून. तुम्ही बसून काढलात तरी चालेल."

त्याने गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली, खाकरला, आणि स्टीलच्या वाटीत कुणी मणी हलवावेत तसा एक किरटा, संकोची आवाज काढला.

"तसा नाही रे," वरून हाक आली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत शाल गुंडाळून त्याची आई उभी होती. "जरा जाड आहे. तुझा मामा घोरायचा तसा. त्याचीच गाडी आहे गं ही. परदेशी जाताना माझ्या गळ्यात घालून गेला. चहा घेऊन जा हो."

चहा घेता घेता तिला कळले, की तो चष्मे करतो; खालचे बंद दुकान त्याचेच. तिने साहेबांना फोन लावला तेव्हा तो शेजारी बशी धरून उभा होता. "आवाज ऐकला नाही, साहेब. परवा पुन्हा येते." पलीकडून नेहमीचा प्रश्न आला. "नाही साहेब, मालक ओळखीचे नाहीत."

"हे का विचारतात?" फोन ठेवताच त्याने विचारले.

"मालक ओळखीचा निघाला, तर माझ्या कानांची साक्ष धरत नाहीत. आपल्या माणसाच्या गाडीत नसलेला आवाजही ऐकू येतो म्हणे."

"आणि असलेला?"

तिने रिकामा कप त्याच्या बशीत ठेवला आणि निघाली. पण जिना उतरताना हा प्रश्न तिच्या पावलांबरोबर एकेक पायरी उतरत राहिला.

ऑफिसात तिला कानसेन म्हणत. माणूस काय सांगतो याहून तो कुठे थांबतो, कुठे घाई करतो, हे तिला आधी ऐकू येई. त्यामुळे माणसांचे कुतूहल तिला फार काळ पुरत नसे. हा माणूस मात्र... गाडीला रजई पांघरणारा माणूस आणखी कशाकशाला पांघरूण घालत असेल? दोन दिवस ती दुसऱ्यांची इंजिने ऐकत होती आणि प्रत्येक खडखडाटामागे तिला तो किरटा, संकोची आवाज ऐकू येत होता.

परवाच्या पहाटे ती आली तेव्हा रजई नव्हती. तो हात मागे बांधून, शाळेत तपासनीस यावेत तसा, गाडीशेजारी उभा होता. तिने बॉनेटवर तळवा टेकवला.

बॉनेट कोमट होते.

"मांजर," तो घाईने म्हणाला. "रात्रभर बसून असते वर."

"केवढी मोठी?"

"आहे... बऱ्यापैकी."

"वाघ असावा. सगळा पत्रा कोमट झालाय."

त्याचे कान लाल झाले. धुक्यातही ते तिला दिसले. आणि आकडे न दिसणाऱ्या डोळ्यांना ते कसे दिसले, याचे तिला नवल वाटले. त्याने गाडी मुद्दाम तापवली होती. हे तिला कळले होते, आणि तिला कळले आहे हे त्यालाही कळले होते. नियमाने दोन खेपा पुऱ्या झाल्या होत्या. 'आवाज आढळला नाही' असे सांगून ती मोकळी होऊ शकत होती. तिसरी खेप निरीक्षकाच्या मर्जीवर होती. आणि मर्जी या शब्दाला एवढे वजन असते, हे तिला आजवर ठाऊक नव्हते.

"तुम्ही पाट्या वाचताना डोळे बारीक करता," तो एकाएकी म्हणाला. "त्या दिवशीही केले होते. नंबर असणार तुम्हाला. आलाच आहात तर..."

दुकानात त्याने दिवे मालवले, फक्त समोरचा अक्षरांचा तक्ता उजळत ठेवला. तपासणीची जड, गोल चौकट तिच्या नाकावर बसवताना त्याची बोटे तिच्या कानामागे क्षणभर रेंगाळली, की चौकटच नीट बसत नव्हती, हे तिला ठरवता आले नाही. काच सरकली. अक्षरे विरघळली. काच सरकली. अक्षरे सावरून उभी राहिली.

"हे बरं... की हे?"

"हे."

"आता? की मघाचं?"

"सांगता येत नाही."

"घाई नाही. बघा. जे वाटतं तेच सांगा. इथे चुकीचं उत्तर नसतं."

जन्मभर ती दुसऱ्यांना विचारत आली होती: कधी होतं, कुठे होतं, कसं वाटतं. तिला कुणी असे अंधारात बसवून, इतक्या सबुरीने, तिला काय बरे वाटते ते विचारले नव्हते. तिने पुन्हा पाहिले. तक्त्यावरची शेवटची ओळ स्पष्ट झाली होती, आणि त्या ओळीच्या अलीकडे त्याचा चेहराही.

"हे," ती म्हणाली. "हेच बरं आहे."

बाहेर पडल्यावर तिने साहेबांना सांगितले, की आणखी एक खेप लागेल. ओळखीचा प्रश्न आला. "नाही," ती म्हणाली. पण ते 'नाही' अर्धा श्वास उशिरा निघाले आणि ती त्याच्याकडे वळली. "उद्या शेवटचा दिवस. मांजराला सांगा, उद्या दुसरीकडे झोप म्हणावं."

दुसऱ्या दिवशी धुके नव्हते. हवा काचेसारखी स्वच्छ आणि बोचरी होती. बॉनेटवर तळवा टेकताच गारवा थेट मनगटापर्यंत चढला. तिने मान हलवली, डोळे मिटले. त्याने किल्ली फिरवली.

खर्र-खर्र-खर्र... रिकाम्या डब्यात कुणी लोखंडी साखळी ओढावी तसा आवाज आतून उसळला, भिंतींवर आपटला, आणि कुणी डोक्यावरून हात फिरवावा तसा निमाला. मामा खरोखरच जाड आवाजात घोरत असणार.

"बंद करा," ती म्हणाली. "आणि आता चालू करू नका. एकदाही नाही."

तिच्या स्वरातला बदल ऐकून तो खाली उतरला. "एवढं वाईट आहे?"

"साखळी पार सैल झालीय. चालू करताना एक दात घसरली की आतलं सगळं एकमेकांवर आदळणार. भर रस्त्यात, आई शेजारी बसलेल्या असताना. काल मांजर नव्हतं ना?"

"नव्हतं." तो जमिनीकडे पाहत राहिला. "चुकलं माझं. तुम्ही पुन्हा यावं, एवढंच मनात होतं... आणि त्यासाठी बिघडलेल्या गाडीखेरीज माझ्याकडे काही कारण नव्हतं."

हे ऐकताना छातीत काय काय थांबते, काय घाई करते, ते तिला स्वतःचेच ऐकू आले.

"अर्धी चूक माझी," ती म्हणाली. "मला कालच कळलं होतं. कळूनही मी तिसरी खेप मागितली. आवाजासाठी नाही मागितली." तिने फोन हातात घेतला, पण लावला नाही. "आता ऐका. साहेब तोच प्रश्न विचारणार. मी 'नाही' म्हटलं, तर तुमचं इंजिन दुरुस्त झालं समजा. 'हो' म्हटलं, तर मी ऐकलेलं बाद. मग नोंद आजचीच धरून उद्या आमचे थोरले निरीक्षक येतील. उभं आयुष्य इंजिनांशेजारी गेलंय त्यांचं. त्यांना ऐकू कमी येतं आणि ते कबूल करत नाहीत. सगळ्या गाड्यांना एकच उत्तर देतात: आवाज नेहमीचाच आहे."

"मग ही गाडी..."

"भंगारात जाईल. पदरचे घालून एवढं मोठं इंजिन कोण उघडणार?"

वर गॅलरीत आई कपडे वाळत घालत होती आणि न ऐकल्याचे सोंग मनापासून वठवत होती. त्याने एकदा वर पाहिले, एकदा त्या काळ्या, थकलेल्या गाडीकडे. तिला वाटले, आता तो म्हणेल, सांगा ना 'नाही', एका शब्दाचं तर काम आहे. तो तसे म्हणाला असता, तर तिने त्याला दोषही दिला नसता. फक्त मग तिचे कुतूहल तिथेच संपले असते, याचीच तिला भीती वाटली.

"गाडीचं राहू द्या," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला जे खरं वाटतं..." आणि थांबला. त्याने चष्मा काढला आणि विनाकारण पुसू लागला.

तिने फोन लावला.

"ऐकलास का आवाज?" साहेब घाईत होते.

"ऐकला, साहेब. स्पष्ट. साखळीच आहे."

"छान. मालक ओळखीचा?"

ती गप्प राहिली. या गप्पपणाला कंपनीत कोणताही रकाना नव्हता.

"अगं, आहेस का? ओळख, नातं, काही?"

"आहे, साहेब."

"काय आहे?"

"मला हा माणूस आवडतो," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून स्थिर निघाला. "तेव्हा माझं ऐकलेलं धरू नका. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

पलीकडे खुर्ची करकरली. मग अगदी वेगळ्या, घरच्या स्वरात त्यांनी विचारले, "त्याला माहीत आहे का हे?"

तिने पाहिले. तो गाडीला टेकून उभा होता. चष्मा हातातच राहिला होता आणि उघड्या डोळ्यांनी तो तिच्याकडे बघत होता... इतक्या अंतरावरून त्याला ती धूसरच दिसत असणार, तरीही नजर हलत नव्हती.

"आत्ता कळलं," ती म्हणाली.

"बरं. उद्या थोरल्यांना पाठवतो," साहेब म्हणाले आणि फोन ठेवता ठेवता पुटपुटले, "त्यांना जरा मोठ्यांदा चालू करून दाखवा म्हणावं."

गल्लीत शटर वर जाऊ लागली होती. कुणी सायकलवरून घंटी वाजवत त्यांच्या मधून गेले, आणि ते गेल्यावर दोघांमधले अंतर आधीपेक्षा कमी झाले होते. कोण पुढे सरकले ते सांगणे कठीण. त्याने तिचा गारठलेला तळवा आपल्या दोन्ही हातांत घेतला.

वरून आईचा धीर सुटला. "काय रे, काय म्हणाली ती? पास की नापास?"

त्याने मान वर केली नाही.

"गाडीचं उद्या कळेल, आई," तो म्हणाला.