ढौचं पान

प्रेम ही अनादि, अथांग गोष्ट आहे. ती आकाशातून उतरते, काळाला थोपवते आणि माणसाला अंतर्बाह्य पालटून टाकते. सुधन्वाच्या बाबतीत ती हींस नावाच्या काटेरी झुडपातून आली आणि त्याची पँट वीतभर फाडून गेली.

हिंदूरावच्या रिजवर, शहरातल्या त्या रानटेकडीवर, डिसेंबरचं कोवळं ऊन पडलं होतं. रुचिरा गळलेली पानं वेचत होती, तेवढ्यात पलीकडच्या जाळीतून आवाज आला, "आई गं!" दिल्लीत माणूस मराठी आहे का, हे आडनावावरून कळत नाही, काटा टोचल्यावर कळतं.

"लागलं का हो?"

"मला नाही... पँटला." पानं दाबून ठेवायच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा मांडीशी धरून एक उंच, चष्मेवाला तरुण उभा होता. "तुम्ही प्लीज उधर बघा ना."

रुचिराने उधर बघितलं, पिशवीतून सुईदोरा काढला आणि पाठमोरीच त्याच्या हातात दिला. बराच वेळ मागून नुसते सुस्कारे आले. दोरा काही ओवला जाईना. शेवटी तिनेच टाके घातले. तो समोरच्या झाडाचं लॅटिन नाव पुटपुटत राहिला, जणू इंजेक्शन घेतोय.

सुधन्वा केंद्र सरकारच्या एका कचेरीत वनस्पतींचा अभ्यास करायचा. जन्म दिल्लीचा, त्यामुळे त्याचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदीच्या गाडीत बसायचं. रुचिरा पुण्याची, दिल्लीतल्याच द्वारकेत बहिणीकडे राहणारी, सुईने चित्रं काढणारी. एका प्रदर्शनासाठी ती लांबलचक सुती कापड भरत होती. त्यावर इथल्याच मातीतली झुडपं. प्रत्येक झुडूप शास्त्राला दिसतं तसं, आणि अरवलीतल्या गावकऱ्यांना माहीत आहे तसंही. गावाची बाजू सांगायला तिथलीच रामकली चाची होती. शास्त्राची बाजू आता टाके घालून हाताशी आली.

मग त्याचे फोन सुरू झाले.

"ऐका ना... एक मनातलं सांगू?"

"सांगा," रुचिरा श्वास रोखून म्हणायची.

"हींसची पानं तुम्ही समोरासमोर भरलीत. ती एकाआड एक असतात. उसवावी लागतील."

तिने उसवली. पुन्हा भरली. चाची म्हणाली होती की हींसच्या जाळीत तीतर पक्षी लपतो, म्हणून ती कुणी तोडत नाही. तर बुंध्याशी एक तीतरही भरला. फोटो बघून सुधन्वाचं उत्तर आलं, "खूप सुंदर." खाली दुसरं, "म्हणजे तीतर."

"तो तुझ्यात इंटरेस्टेड आहे की पानांत?" बहिणीने, मैत्रेयीने, विचारलं.

"दोन्हीत गं... म्हणजे, पानांत जरा जास्त."

"पक्कं?"

"काहीच पक्कं नाही, ताई! काल अर्धा तास माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, तुमच्या मागे पीपल आहे."

आता कापडावर एकच झाड उरलं होतं, ढौ. ते भरून झालं की कापड पुरं, आणि भेटायचं कारणही पुरं. आयुष्यात काम वेळेत संपल्याचं दुःख रुचिराला पहिल्यांदाच होत होतं.

ढौ बघायला दोघं गुरुग्रामपलीकडच्या बणीत गेले. बणी म्हणजे गावाने बाबांच्या, आपल्या गावदेवाच्या, नावाने राखलेलं रान. झुकलेल्या फांद्या, थंडीने तांबूस झालेली इवली पानं. वेशीवरच चाचीने बजावलं, "बाबा की बणी सै. पत्ता भी ना ले जाइयो. भूल से चला जावै, तो जिसके साथ गया वो ही उलटा लावै."

त्यामुळे रुचिरा तिथेच बसून भरत राहिली आणि सुधन्वा शेजारी बसून चित्र काढत राहिला. चाची जवळ येऊन कुजबुजली, "यो तेरा के लागै सै?"

"ये... पत्ते देखते हैं," रुचिरा म्हणाली.

चाचीने सुधन्वाकडे निरखून पाहिलं. "पत्ते तो ना देख रह्या."

परतीच्या कॅबमध्ये सुधन्वा नुसता तिच्या केसांकडे बघायचा, ओठ उघडायचा... आणि खिडकीबाहेर वळायचा. टोलनाका गेला, विमानं डोक्यावरून गेली, द्वारकेचे सेक्टर सुरू झाले.

सोसायटीच्या गेटशी गाडी थांबली.

"काही बोलायचंय का?" तिनेच विचारलं.

"हो. तुमच्या केसांत ढौचं पान आहे."

रुचिराने दोन क्षण डोळे मिटले. "कधीपासून?"

"बणीपासून."

"आणि आत्ता सांगताय? दीड तासाने? अहो, तिथल्या तिथे ठेवून आलो असतो ना!"

"म्हणूनच नाही सांगितलं." त्याचे कान लाल झाले होते. "तिथेच सांगितलं असतं तर तिथेच संपलं असतं. आता ते परत न्यावं लागेल. ज्याच्यासोबत आलं त्यानेच. म्हणजे तू. आणि... साक्षीला कुणीतरी लागेल ना, यार."

"म्हणजे बाबांच्या बणीतली चोरी माझ्या डोक्यावर ठेवून आणलीत?"

"हो."

"शास्त्रज्ञ ना तुम्ही?"

"सुट्टीवर आहे," सुधन्वा म्हणाला. मग अगदी हळू, "मला तू आवडतेस, रुचिरा. पानं सोडून बोलतोय. बिल्कुल सोडून."

तिने केसांतलं पान अलगद काढून रुमालात ठेवलं. रागवावं की हसावं हे तिला ठरवता येईना. दोन्ही एकदम करायला गेली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"रविवारी," ती म्हणाली. "सकाळी लवकर ये. पान ठेवून येऊ. आणि तिथून दुसरं काही उचलायचं नाही... माझा हात सोडून."

ती उतरली. गाल तापलेले, पाय जमिनीला लागत नव्हते, सगळी द्वारका तांबूस झाली होती. तिने मागे न बघता दार धाडकन लोटलं.

"मैडम," पुढून ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "दरवाज़ा ज़रा आराम से..."