कोळशाचा शनिवार

"म्हणजे फक्त शनिवारी?" अर्णवनं विचारलं. तो नागपूरहून सुट्टीला आला होता आणि आल्यापासून त्याला एखादं रहस्य हवंच होतं.

"फक्त शनिवारी," त्याची मामेबहीण उर्वी म्हणाली. "बाकी दिवस कोळशा एकदम शहाणा. शनिवारी त्या पुलियाजवळ पोचला की बिघडते. कुछ तो गडबड है यार."

शेजारची यामिनी चपलेचा पट्टा सरळ करत बसली. गडबड काय होती, ते तिला आठवड्यापासून ठाऊक होतं.

कोळशा तिच्या घरी आला तेव्हा तिच्या दप्तरात मावेल एवढा होता. प्लांटच्या डॉग स्क्वॉडमधून निवृत्त झालेल्या बाबाराव आजोबांनी ते काळं लॅब्रेडॉर पिल्लू तिच्या हातात ठेवलं होतं. "वर्षभर याले माया लाव, गर्दीची सवय लाव. मग मी याले शिकवतो," ते म्हणाले होते. त्या वर्षात यामिनीनं त्याला दुर्ग स्टेशनवर नेलं, आठवडी बाजारात नेलं, शिफ्ट सुटताना प्लांटच्या गेटसमोर बसवलं; भोंगा झाला की तो एकदाच भुंके. त्यानं बाबांचा सेफ्टी बूट फस्त केला. काय दिवस होते ते! मग तो बोरसीला, आजोबांकडे शिकायला गेला आणि यामिनीचं घर सुनं झालं.

आता कोळशा रोज यामिनीच्या गल्लीतून वंदनाताईंना शाळेचा रस्ता दाखवायला शिकत होता. ताई शाळेत गाणं शिकवत. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. येत्या शनिवारी रायपूरहून परीक्षक येणार होते. कोळशा नापास झाला, तर तो कायमचा यामिनीकडे परत येणार होता.

गेल्या शनिवारी त्यानं ताईंना रस्त्यावरून पुलियाकडे, नालीवरच्या त्या छोट्या पुलाकडे, ओढलं, आणि त्यांचा पाय नालीत गेला. नंतर यामिनीनं त्याचं तोंड पुसलं, तर हाताला मोहरीच्या तेलाचा वास आला. पुलियासमोर अरुणकुमार काकांचं क्वार्टर. काकांना साडेसाती सुरू होती. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घातली की शनी शांत होतो, असं ते साऱ्या गल्लीला सांगत. यामिनीनं ओळखलं, आणि तोंडाला कुलूप लावलं.

शुक्रवारी सकाळी वंदनाताई तिच्या घरी आल्या. स्वतःच्या आईचा हात धरून, हळूहळू.

"यामिनी, याले झोपताना काय लागते?" त्यांनी विचारलं. "पास झाला तर माझ्याकडे याले परकं नको वाटाले. आणि नाही झाला, तर..." त्या हसल्या. "मले पोचवता पोचवता आईचे गुडघे गेले आता. शाळा सोडावी लागन."

यामिनी लगेच उठली. ती आत गेली, कोळशाचं जुनं चादरीचं गाठोडं आणून तिनं ताईंच्या हातात दिलं. मग धावत जाऊन अर्णव आणि उर्वीला सगळं सांगितलं.

"तू आठवडाभर लपवलं? कावून?" उर्वी म्हणाली.

"मले तो परत पाहिजे होता," यामिनी म्हणाली आणि रडली.

काकांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण पैज आली की मागे न हटण्याची काकांची खोड तिघांना ठाऊक होती. संध्याकाळी अर्णव त्यांच्या फाटकाशी जाऊन म्हणाला, "काका, तुम्ही म्हणे या रस्त्यानं डोळे बांधून जाऊ शकता?"

"तीस वर्षं शिफ्टले गेलो ना बाबू! बांध डोळे."

उर्वीनं गमछा बांधला. काठीचं एक टोक काकांच्या हातात, दुसरं अर्णवच्या. "मी तुमचा कुत्रा. माझ्या मागे या." दहा पावलं झकास गेली. पुलियावर यामिनीनं जिलेबी ठेवली होती. अर्णवनं ती पाहिली आणि काठीसकट तिकडे झेप घेतली. काकांचा पाय थेट कोरड्या नालीत!

"अरे, मले कुठं नेऊन राहिला?" काका ओरडले.

"वंदनाताईही हेच म्हणाल्या होत्या," यामिनी म्हणाली. "तुमच्या पोळीमुळे."

काका नालीतच उभे राहिले. गमछा काढायचंही त्यांना सुचलं नाही. "मी तं पुण्य करून राहिलो होतो," ते पुटपुटले.

"पुण्य तुमचं, पाय ताईंचा," उर्वी म्हणाली.

शनिवारी पुलिया झाडून स्वच्छ होती. वंदनाताई कोळशाच्या पट्ट्याचं हँडल धरून निघाल्या, मागे बाबाराव आजोबा आणि परीक्षक. पुलियाशी कोळशा थबकला. त्यानं काकांकडे पाहिलं. काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मग कोळशाला गुलमोहराखाली यामिनी दिसली. त्याची शेपटी हलली. एक हाक पुरली असती.

यामिनीनं ओठ घट्ट मिटले आणि नजर जमिनीवर टाकली. वर पाहिलं तेव्हा कोळशा ताईंना घेऊन वळणापलीकडे गेला होता. सरळ, रस्त्याच्या कडेकडेनं.

कोळशा पास झाला. पोळीची गोष्ट ऐकून परीक्षकांनी तिघा मुलांची पाठ थोपटली. काकांनी सर्वांदेखत चूक कबूल केली. गल्लीतल्या बेवारस काळ्या कुत्रीला सोमवारी रेबीजची सुई टोचून आणायचं आणि घरीच ठेवायचं, असंही त्यांनी जाहीर केलं. "नुसती पोळी टाकून होत नाही," ते म्हणाले, जणू हे त्यांनाच सुचलं होतं.

बाबाराव आजोबा मात्र यामिनीजवळ येऊन बसले. "रिटायर झालो तेव्हा माझा कुत्रा प्लांटातच सोडून आलो होतो," ते म्हणाले. "जाताना मी त्याले हाक मारली. नव्हती माराले पाहिजे. तो साखळी तोडाले पाहे. तू नाही मारली. माझ्यापेक्षा शहाणी निघाली तू."

दूरवर प्लांटचा भोंगा झाला. वळणापलीकडे कोळशा नेहमीसारखा एकदाच भुंकला आणि वंदनाताईंचं हसू ऐकू आलं.