पाच वाजता: वर आला

कमलाक्षी वाढवून सांगणारी बाई नाही.

रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर अकरा वर्षं ती डिचोली तालुक्यातल्या एका खाण कंपनीत खनिजाचे नमुने तपासत होती. लोहाचं प्रमाण, दोन दशांश स्थळांपर्यंत. आकडा चुकला तर मुरगावच्या धक्क्यावर जहाज अडून राहायचं. म्हणून तिनं जे सांगितलं, ते मी तसंच लिहिते आहे. त्यात माझं काही नाही.

सुर्ला. साल २०१९. जुलैची बारा तारीख, शुक्रवार.

खाण बंद होऊन वर्ष उलटलं होतं. पण बंद खाणीतही एक काम चालूच राहतं, पाणी उपसायचं. नाहीतर पावसात खड्डा भरतो आणि बांध फुटला तर खालच्या शेतांवर तांबडा चिखल पसरतो.

पूर्वी पंपावर उतरणारा माणूस गेटवर आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवून जायचा. परतला की काढून घ्यायचा. खिळ्यावर एक जरी बिल्ला उरला, तरी रखवालदार पांडुरंग घरी जात नसे. कंदील घेऊन खड्ड्याच्या काठावर जाऊन हाका मारायचा.

लॅबला कुलूप लागल्यावर कमलाक्षीला ऑफिसात बसवलं आणि हे सगळं मोबाइलवर आणायला सांगितलं. त्यासाठी कोड लिहावा लागत नव्हता. पडद्यावर चौकोन ओढायचे आणि बाणांनी जोडायचे. माणूस फॉर्म भरतो: ‘खाली जायचं आहे’. मॅनेजर दाबतो: ‘मंजूर’. माणूस परतल्यावर स्वतः दाबतो: ‘वर आलो’.

तीन दिवसांत ते तयार झालं. बिल्ल्यांची फळी उतरवली.

पण माणसं ‘वर आलो’ दाबायला विसरत. मग संध्याकाळच्या अहवालात त्यांची ओळ तांबडी दिसायची.

“कमलाक्षीबाय,” मॅनेजर गोकुळदास वैतागून म्हणाला, “माणूस घरी हुमण-भात जेवून घोरतो, आणि तुझं यंत्र म्हणतं तो खड्ड्यात! पणजीहून मला रोज फोन. काहीतरी कर गे.”

तिनं एक चौकोन वाढवला. पाचला पाळी सुटते, म्हणून पाच वाजता उघडी राहिलेली प्रत्येक विनंती आपोआप बंद व्हायची. नोंद पडायची: ‘वर आला’.

चार मिनिटांचं काम. नोंद माणसानं केली की आपोआप झाली, हे दाखवणारा रकाना तिनं अहवालातून लपवला. अहवाल स्वच्छ दिसावा म्हणून.

“आता कसं!” गोकुळदास खूश झाला.

बारा जुलैला विठू पंपावर उतरला. दोडामार्गकडचा माणूस, सुर्ल्यात भाड्याच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा.

एक चाळीसला विनंती. एक बेचाळीसला मंजूर.

पाच वाजता: वर आला.

पांडुरंगानं पडदा पाहिला. सगळं हिरवं. तो घरी गेला.

विठू घरी पोचलाच नाही.

शोध झाला. साखळीच्या बाजारात, बस स्टँडवर, नदीकाठी. सगळीकडे. फक्त खड्ड्यात नाही. तिथं का शोधणार? तो पाच वाजता वर आला होता. अहवाल छापून पोलिसांना दिला होता.

कमलाक्षीला मात्र ठाऊक होतं.

ती गोकुळदासकडे गेली. त्यानं दार लोटून घेतलं.

“साठ फूट पाणी आहे. उपसायला पंधरा दिवस. आणि तो तिथं नसलाच तर? मंजुरी माझी होती, पण चौकोन तुझा. घरी दोन मुली आहेत ना तुझ्या?”

ती परत आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

तिसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं.

गोव्यात दुपारी एक ते तीन ऑफिसं रिकामी असतात. माणसं जेवतात, आडवी होतात. कमलाक्षी एकटीच डबा घेऊन टेबलाशी बसायची. खिडकीतून पंपाचा आवाज यायचा. धग-धग, धग-धग. इतका सवयीचा की ऐकूही येत नसे.

त्या दुपारी तो…

थांबला.

दोन मिनिटं काहीच नाही. कावळा नाही, वारा नाही. मग पुन्हा, धग-धग.

खाली फोन केला तर नवा पंपवाला म्हणाला, “बंद? नाय हो बाई. मी बाजूकच बसलंय.”

तिनं पडद्याकडे पाहिलं. विठूची ओळ तांबडी झाली होती.

‘खाली आहे.’ वेळ, एक चाळीस.

पाच वाजता ती आपोआप हिरवी झाली.

दुसऱ्या दिवशी एक चाळीसला पंप थांबला…

ओळ तांबडी.

पाचला हिरवी.

कमलाक्षी घाबरली, पण आधी तिनं तपासलं. तो तिचा स्वभाव. विठूचं खातं बंद केलं. त्याचा क्रमांक यादीतून काढला. घड्याळ दुसऱ्या घड्याळाशी जुळवलं. रोजच्या वेळा वहीत लिहिल्या. मागची नोंदही उघडली. तिथं पहिले दोन दिवसही होते, तिनं न पाहिलेले.

एक चाळीस, खाली आहे. बदल करणारा: विठू.

पाच, वर आला. बदल करणारा: आपोआप.

म्हणजे तो रोज सांगत होता. आणि तिचा चौकोन रोज त्याला खोटं पाडत होता.

चाळीस दिवस.

या सगळ्या दिवसांत विठूची बायको जानकी सकाळी गेटवर येऊन बसायची. रडायची नाही, भांडायची नाही. कमलाक्षी मान खाली घालून आत शिरायची.

एकवीस ऑगस्टला, बुधवारी, जानकीनं तिचा पदर धरला.

“बाई, तुमच्या मशिनीत काय दिसता? तो वर इलो मा?”

“तसं… दिसतं.”

“मगे मी कुकू लावू की नको? इतक्याच सांगा.”

कमलाक्षीनं पदर सोडवला आणि ती आत गेली.

त्या दिवशी पाचला दहा मिनिटं असताना तिनं तो चौकोन उघडला. बाजूला ‘चालू’ असं लिहिलं होतं. तिनं ते ‘बंद’ केलं.

पाच वाजले.

पाच वाजून एक मिनिट.

ओळ तांबडीच राहिली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

लपवलेला रकाना तिनं उघडा केला. संपूर्ण नोंद छापली, सोबत स्वतःच्या सहीचं पत्र जोडलं आणि दुसऱ्या दिवशी खाण सुरक्षेच्या अधिकाऱ्याकडे नेऊन दिलं. चौकोन कोणी बसवला, कधी आणि का, सगळं त्यात होतं.

“स्वतःच्या पायानं गेलीस?” गोकुळदास एवढंच म्हणाला.

पाणी उपसायला चौदा दिवस लागले. सरकलेल्या दरडीखाली विठू सापडला. कमरेला पाना तसाच होता.

कमलाक्षीची नोकरी गेली. ती त्यासाठी तयार होती. जानकीला माणूस मिळाला, त्याचे दिवस करता आले. एवढं तरी आपल्या हातून झालं, असं तिला वाटलं.

तेरावं झाल्यावर ती जानकीच्या खोलीवर गेली. माफी मागायला.

जानकीचं कपाळ मोकळं होतं. तिनं चहा दिला. मग जानकीनं विचारलं,

“बाई, त्या बुधवारी तुम्ही काय केलात? पाच वाजता?”

कमलाक्षीनं कप खाली ठेवला. चौकोन पाचच्या आधी बंद केला, हे तिच्या पत्रात नव्हतं. वेळ तिनं कोणालाच सांगितली नव्हती.

“पाचला ‘वर आला’ लिहिणारा चौकोन बंद केला. का गे?”

“तो रोज येय,” जानकी दाराकडे बघत म्हणाली. “हरवल्या दिसापासून. बरोबर पाचाक. ह्या उंबऱ्याभायर उभो रवी. अंगातसून पाणी गळा. भितर ये म्हटलंय तर म्हणी, ‘पाळी सुटली म्हणान माका वर धाडल्यानी. पण मी थंयच आसंय.’ मगे काळोख पडलो की जाय.”

“तू कोणाला सांगितलं नाहीस?”

“सांगलंय तर येवचो नाय म्हणान.”

जानकीनं उंबऱ्याकडे बोट दाखवलं.

“त्या बुधवारी येवक नाय. मगे कधीच येवक नाय.”

बाहेर कुठल्यातरी ट्रकचा हॉर्न वाजला. जानकीनं कमलाक्षीचा हात धरला. तिचा तळवा गार होता.

“बाई… ता परत चालू करूक येतला?”

कमलाक्षी उठली. चहा तसाच राहिला.

आता ती पेडण्यात एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. कंपनीनं तिला काढलं, पण तिचं खातं बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या फोनवर ते अजून उघडतं. विठूची ओळ तांबडी आहे. बाजूला तो चौकोन, राखाडी, ‘बंद’. एका बोटाचं काम.

चूक दुरुस्त केली की चांगलंच होतं, असं तिला वाटायचं. आता खात्री नाही.

“तू परत चालू केलंस का कधी?” मी विचारलं.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला सात मिनिटं होती.

ती फोन घेऊन आत गेली, आणि दार लावून घेतलं.