सात फुटांखालचा राब

एकवीस नंबरची डबी मी फेकूनच देणार होते, हे आधी कबूल करून टाकते. डबीत मूठभर माती होती. त्या मुठीवर आमची बावीस घरं अवलंबून होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमच्या कातळवाडीचा झरा २०५८ साली आटला. म्हणून सगळ्या वाडीनं डोंगराच्या मधल्या उतारावर, उंबरटेपाला, राहायला जायचं ठरवलं. जागा माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी निवडली. आबा माती चिमटीत धरतात, थुंकी लावून चोळतात, हुंगतात, वेळ पडली तर जिभेवरही ठेवतात. उंबरटेपाची माती खोल, मऊ आणि काळपट होती. आबा इतके खूश झाले, की त्यांनी आमच्या नव्या घराची मेढ (घराचा पहिला खांब) होळीच्या आधीच रोवून टाकली. रोवलेली मेढ आमच्यात कुणी उपटत नाही. बाकीच्यांचे पाये येत्या सोमवारी खणायचे होते.

तेवढ्यात पारूआत्या आली. ती आबांची मुलगी आणि मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारी) आहे. डोंगरातल्या मातीचा नकाशा करायला ती घुश्याला घेऊन आली होती. घुश्या म्हणजे घुशीसारखा जमिनीत शिरणारा यंत्रमानव. तो माती वर आणायचा, आत्या ती तपासायची आणि मी डब्यांवर नंबर घालायचे.

पहिल्या दिवशी आम्ही डोंगरमाथ्यावरून खाली उतरलो. माथ्यावर माती तांबडी आणि वीतभरच खोल. त्याखाली मुरूम, म्हणजे अर्धवट झिजलेला खडक. अगदी तळाला मात्र भाताची खाचरं, आणि त्यांत कमरेइतकी खोल, चिकट, काळी माती.

"सगळा डोंगर एकाच काळ्या दगडाचा, मग माती निरनिराळी कशी?" मी विचारलं.

"पाण्यामुळं," आत्या म्हणाली. "माथ्यावर पाऊस दगडातलं बरंच काही धुऊन नेतो. लोखंड मागं राहतं, ते गंजतं, म्हणून माती तांबडी. उतारावर माती टिकत नाही, वाहून जाते. ती खाली साठते, तिथं पाणी मुरतं, म्हणून खाली खोल आणि चिकट. माती ओळखायची तर रंग बघायचा, खोली बघायची, ओली करून वळी वळते का बघायचं, आणि आतले दगड गोल आहेत की टोकदार, तेही बघायचं. मग तिची जात ठरते."

"मग मधल्या उतारावर माती पातळ हवी ना?"

आत्या थांबली. "हवी तर. पण उंबरटेपाला ती खोल आहे. मला तेच कळत नाही. आबांना जे आवडलं, तेच मला खुपतंय."

माथ्यावर घुश्या हातभर खोल जाऊन थांबायचा. उंबरटेपाला आत्यानं त्याला दहा फूट जायला सांगितलं. सात फुटांवरून त्यानं एकवीस नंबरची माती आणली. ती पाहून मला हसूच आलं. भाजल्यामुळं तांबूस झालेली माती, राख आणि कोळशाचे कण. ही तर आमच्या राबाची माती! भाताची रोपं करायच्या जागेवर आम्ही उन्हाळ्यात पाला, फांद्या आणि शेण पसरून जाळतो, तो राब. आमच्या राबाची डबी मी सकाळीच भरली होती. मला वाटलं, घुश्यानं डब्यांची सरमिसळ केली. मी त्याला चार शब्द सुनावले आणि डबी बाजूला टाकली.

"माझी चूक झालेली नाही," घुश्या म्हणाला. "मात्र या जागेला जात सापडत नाही. वर सुपीक थर आहे. मध्ये टोकदार दगड आडवे-तिडवे पडले आहेत. त्याखाली पुन्हा सुपीक थर आहे."

"गप रे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं डब्या मोजल्या. एक कमी भरली. मी घाबरत डबी पुढं केली आणि सगळं सांगितलं. आत्या रागावली नाही. तिनं घुश्याला तिथंच माणूस उतरेल असा रुंद खड्डा खणायला लावलं, त्याच्या कडांना फळ्यांचा टेकू दिला आणि आबांना बोलावलं.

खड्ड्याची उभी भिंत म्हणजे मृदाछेद (मातीचे थर दाखवणारा उभा काप). आबा शिडीनं उतरले. तळाजवळ एक काळी रेघ होती, तिच्याखाली तांबूस पट्टा. आबांनी चिमूट घेतली, चोळली, हुंगली. मग आणखी एक चिमूट घेऊन पुन्हा हुंगली.

"राब हाय," ते म्हणाले. "सात फूट खाली राब कोन भाजतंय? राब वरच भाजत्यात."

"मग हे तेव्हा वरच होतं, आबा," आत्या म्हणाली.

म्हणजे इथं कुणी तरी राहत होतं. त्यांनी राब भाजला होता, आणि नंतर त्यांच्यावर डोंगर आला होता. आम्ही त्याच डोंगरावर घरं बांधायला निघालो होतो, वर माती चांगली आहे म्हणून कौतुक करत.

"ही माती इथं तयार झालेली न्हवं. दरडीबरोबर आलीय," आत्या म्हणाली. "वाहत्या पाण्यातले दगड घासून गोल होतात, हे टोकदार राहिलेत. पाऊस या सैल थरात मुरतो आणि खालच्या चिकट थरावर थांबतो. ओलं घोंगडं निसरड्या कातळावर टाकलं, तर ते घसरतंच. हेही पुन्हा घसरू शकतं."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला माती कळती, असं म्हनत होतो मी," ते म्हणाले.

"कळतीच की. राब तुम्हीच वळखलात."

आबा वर आले. कुणालाही हात लावू न देता त्यांनी पहार मारून मारून स्वतःच रोवलेली मेढ उपटली. सोमवारी पाया कुणीही खणला नाही.

आता आम्ही पलीकडच्या सपाट सोंडेवर राहतो. तिथं वीतभर तांबडी माती आणि खाली अख्खा कातळ. भोपळ्याचा वेलसुद्धा धड येत नाही, पाणी खालून आणावं लागतं, पण घरं पक्की उभी आहेत. उंबरटेपाला घुश्या असतो. जमीन केसभर हलली, तरी तो आम्हाला कळवतो. नकाशात त्या जागेला आत्यानं 'दरडीची माती' अशी जात दिली, आणि आता ती आसपासच्या डोंगरांत तसलीच खोल माती शोधते आहे.

यंदा आम्ही राब भाजला, तेव्हा मी गार झालेली मूठभर राख-माती डबीत भरली. डबीवर नंबर घातला, तारीख घातली. मग आबांनी माझ्याकडं पेन मागितलं आणि खाली लिहिलं, 'ही वरची हाय.'